सावलीच्या हिशेबाने ईस्टर : सोलापूरच्या अंगणातल्या प्रकल्प नोंदी, २०२५

२३ मार्च, रविवार

ईस्टर यंदा २० एप्रिलला. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा, हा नियम. गेल्या वर्षी ती पौर्णिमा होळीची निघाली, म्हणून सण ३१ मार्चला आला. यंदा ती हनुमान जयंतीची, चैत्रातली. पंचांगात फरक तीन आठवड्यांचा, पण सोलापुरात या तीन आठवड्यांत सगळं बदलतं. मार्चअखेर अंगणात साडेअकरापर्यंत बसवतं. २० एप्रिलला दहा वाजताच फरशी चटके देते.

म्हणून पदार्थ आणि खेळ नंतर, आधी वेळ. पहाटेची उपासना साडेपाचला, सूर्योदय सहानंतर पाच-सात मिनिटांनी. उपासना, चहा, भेटीगाठी उरकून लोक आठपर्यंत घरी येतात. कार्यक्रम आठ ते अकरा. अकरानंतर अंगणात एकही मूल नको. दुपारच्या जेवणाचा बेत रद्द, भरपेट न्याहारी करायची. माणसं ४०: मोठी २६, मुलं १४. मुलांत पाच वर्षांखालची ५, पाच ते आठची ५, नऊ ते बाराची ४.

३० मार्च, रविवार (गुढीपाडवा)

पाडव्याच्या शुभेच्छा द्यायला गेलो तेव्हाच शेजाऱ्यांना ईस्टरचं आमंत्रण दिलं. चाळिसातली अकरा माणसं शेजारची. दोन घरं लिंगायत, एक तेलुगू. लिंगायत घरांत अंडंही चालत नाही आणि त्यांची तीन मुलं ईस्टरच्या शोधाशोधीत, म्हणजे अंगणात लपवलेली अंडी शोधायच्या खेळात असणार. त्यामुळे अंगणात लपवायची अंडी कापडाची, वाटायचं गोड बिनअंड्याचं, आणि खरी उकडलेली अंडी वेगळ्या टेबलावर. मुलाला ‘तू हे घेऊ नकोस’ असं कोणी सांगावं लागलं, तर मांडणीच चुकली.

चॉकलेट बाद. ते ३२ ते ३४ अंशांना वितळतं. आपल्याकडे एप्रिलात रात्री अकरालाही घरातली हवा त्याच्या आसपास असते. त्याऐवजी काजूच्या मार्झिपानची, म्हणजे काजू-साखरेच्या घट्ट गोळ्याची अंडी. फ्रिजबाहेर आकार धरून राहणारं गोड म्हणून गोवा-वसईकडचा हा प्रकार सोलापूरच्या उन्हासाठी सगळ्यात योग्य.

६ एप्रिल, रविवार

अंगण घराच्या पश्चिमेला, घर दोन मजली, उंची सुमारे २० फूट. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे घराची सावली नेमकी अंगणात. खडूने रेघा मारून मोजली: ९ वाजता २५ फूट, १० वाजता १५, ११ वाजता जेमतेम ९. पुढच्या दोन आठवड्यांत सूर्य आणखी डोक्यावर येईल, तेव्हा प्रत्येक आकड्यातून फूट-दीड फूट वजा धरायचा.

अंगणाची मांडणी या रेघांवरून ठरली. खेळ आधी, कारण त्याला जागा लागते. साडेआठ ते सव्वानऊ शोधाशोध, कुंपणापर्यंत. साडेनऊला न्याहारी १४ फुटांच्या पट्ट्यात, भिंतीला समांतर पंगत. दहानंतर बसणं, गाणी, गप्पा भिंतीलगतच्या आठ फुटांत आणि ओसरीवर. बरेच जण न्याहारी आधी आणि खेळ नंतर ठेवतात. मग मुलं नेमकी दहा ते अकरा उन्हात पळतात, आणि दुपारी दोघातिघांना उलट्या.

पंगतीच्या पट्ट्याला शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी. हिरवी, ७५ टक्के ऊन अडवणारी, १० बाय २० फूट. ताणून बांधायची नाही. सकाळी वारा पडलेला असतो, पण दहाच्या सुमारास उठतो आणि ताणलेली जाळी कडीपाशी फाटते. खालच्या कडेला दोन-दोन फुटांवर सुतळीने अर्ध्या विटा टांगल्या की ती वाऱ्याबरोबर हलते, फाटत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

रंगांची चाचणी. मंगळवारच्या बाजारातून पांढरी अंडी आणली. गावरान अंड्याचं कवच मुळातच तपकिरी, त्यावर रंग मळकट दिसतो.

कांद्याची सालं: दोन ओंजळी दाबून भरून, साधारण ५० ग्रॅम, एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळली. गाळून गार केलं, दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर. उकडलेलं अंडं त्यात अर्धा तास ठेवलं तर केशरी, दोन तासांनी विटकरी. हा रंग कधी फसत नाही.

हळद: लिटरला तीन मोठे चमचे, पंधरा मिनिटं उकळून. बोअरच्या पाण्यात पिवळ्याऐवजी मळकट नारिंगी आला. क्षारामुळे. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, तीच ही गोष्ट. जारच्या पाण्यात, व्हिनेगर घालून, स्वच्छ पिवळा आला. यातून मुलांसाठी एक खेळही निघाला. वाळलेल्या पिवळ्या अंड्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या काडीने रेघ मारली की ती तांबूस उमटते. चुन्याने जास्त ठसठशीत उमटली असती, पण चुना मुलांच्या हाती द्यायचा नाही. डोळ्यात गेला तर इजा होते.

बीट: ताजं असताना गुलाबी, रात्रीतून बदामी. पुन्हा करायचं नाही.

व्हिनेगर लागतंच. आंबट पाण्यात कवचाचा वरचा थर किंचित विरघळतो आणि रंग धरतो. पण ते दुप्पट घातलं तर अंड्यावर बुडबुडे येतात, कवच खडूसारखं होतं आणि रंग बोटाला लागतो. कुठेकुठे रंग बसलाच नाही, ते बोटांच्या तेलामुळे. उकडल्यावर अंडी साबणाच्या पाण्याने धुवायची आणि पुसून मगच बुडवायची.

सगळ्यात देखणं काम कोथिंबिरीचं. कोवळं पान पाण्यात भिजवून अंड्यावर सपाट चिकटवायचं, वरून जुन्या मलमलीचा तुकडा घट्ट ओढून मागे दोऱ्याने गाठ मारायची आणि कांद्याच्या सालीच्या पाण्यात दीड तास सोडायचं. गाठ सोडून पान उचललं की विटकरी जमिनीवर पांढरं पान, कातरलेल्या कडांसह, देठाची केसाएवढी रेघसुद्धा. कापड सैल राहिलं तर रंग पानाखाली शिरतो आणि नुसता डाग उरतो. मेथीचं पान जाड, ते वक्र पृष्ठावर बसत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

ईस्टरची बाग पेरली. घटस्थापनेला गहू पेरतात तसंच, दिवसही तेवढेच: आज पेरलं की २० तारखेला नऊ दिवस, चार-पाच बोटं उंच कोंब. गहू काल रात्री भिजत घातले, पाव किलो. १८ इंची पितळी परात, आत प्लॅस्टिकचा कागद, वर दीड इंच माती. आपली काळी माती नुसती घ्यायची नाही, वाळली की भेगा पडतात आणि मुळं तुटतात. दोन भाग काळी, एक भाग वाळू, एक भाग शेणखत.

कडेला कुंभाराकडचं बोळकं आडवं अर्धं पुरलं: ही येशूची कबर. तिच्या तोंडावर बसेल असा चपटा गोल दगड. मागे काड्यांचे तीन क्रूस. शुक्रवारी दगड तोंडावर, रविवारी पहाटे सगळे उठायच्या आत बाजूला. येशू कबरेतून उठल्याची गोष्ट मुलांना शब्दांपेक्षा या दगडाने जास्त कळते, म्हणून बागेला वेळ द्यायचाच.

नवरात्रात जमत असलेली पेरणी एप्रिलात फसते ती उन्हाने. परात घरात, खिडकीपासून चार फूट आत. पहिले तीन दिवस ओलं फडकं झाकून, मग सकाळ-संध्याकाळ नुसता शिडकावा. परातीला खाली भोक नसतं. तांब्याने पाणी ओतलं की तिसऱ्या दिवशी कुबट वास आणि पांढरी बुरशी.

१२ एप्रिल, शनिवार

कापडी अंडी संपली एकदाची, एकूण ९०. कापड गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतल्या कातरणीचं, किलोवर मिळतं. सोलापुरात त्याला तोटा नाही. चार पाकळ्यांचं गोल अंडं शिवायला पंधरा मिनिटं लागली, म्हणून दोन तुकड्यांचं चपटं केलं: १२ सेंमी लांब, ९ सेंमी रुंद, मागे आडवी फट ठेवलेली, आत मूठभर कापूस. शिलाई मशिनवर एकेक पाच मिनिटांत.

गणवेशाचे रंग कामाला आले. पांढरं आणि लाल अंडं मातीत लांबून दिसतं, ते लहानग्यांना. निळं मधल्या गटाला. खाकी आणि करडं मोठ्यांना. वाळलेल्या पाचोळ्यात खाकी अंडं दोन फुटांवरूनही दिसत नाही.

प्रत्येक मुलाला सहा अंडी, नेमकी सहा. फटीत एकेक चिठ्ठी: ख्रिस्त, उठला, आहे, खरोखर, उठला, आहे. पहाटे उपासनेत जो नमस्कार आणि जे उत्तर, तेच. चिठ्ठीच्या मागे त्या मुलाचं चिन्ह: मोर, बैल, कमळ, पतंग वगैरे. दुसऱ्याचं अंडं सापडलं तर बोलायचं नाही, जागेवर ठेवून पुढे जायचं. यामुळे धावण्यात तरबेज मूल वीस अंडी गोळा करून बसत नाही आणि रडारड टळते. वाचता न येणाऱ्यांच्या चिठ्ठीवर फक्त चिन्ह. आत बटण, मणी, गोळी काही नाही; तीन वर्षांचं मूल पहिल्यांदा तोंडातच घालतं. याच कारणाने शेंगदाण्याची चिक्कीही लहान गटाला नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार (पाम संडे)

लपवायच्या ४५ जागा ठरवून कागदावर नकाशा काढला. दगडाखाली, विटांच्या ढिगात, सरपणात, ताडपत्रीच्या घडीत काही ठेवायचं नाही. या दिवसांत विंचू तिथेच असतात, लाल विंचू तर फार वाईट. मुलाच्या खांद्याएवढ्या उंचीवर किंवा उघड्या जमिनीवर, जिथे हात घालण्याआधी जागा डोळ्यांना दिसते, तिथेच. गच्ची पूर्ण बंद.

१६ एप्रिल, बुधवार

मार्झिपान. काजू ६०० ग्रॅम, साखर ४८० ग्रॅम, पाणी १८० मिली, गुलाबपाणी दीड चमचा, तूप एक चमचा. २५ ग्रॅमची ४३ अंडी झाली.

काजू खोलीच्या तापमानाचे, कोरडे. मिक्सर थांबून थांबून, पाच-पाच सेकंद. सलग फिरवला की भांडं तापतं, काजूला तेल सुटतं आणि पूड न होता लगदा होतो. दुसऱ्या घाण्याला तेच झालं. त्यात दोन चमचे साखर घालून पुन्हा चाळलं तेव्हा सावरलं. पाक एकतारी, त्यात पूड, मंद आंच, गोळा कढईची कड सोडेपर्यंत. काजू कतली येते त्याला हे नवं नाही. फक्त गोळा मिनिटभर जास्त आटवायचा, कारण अंड्याला उभं राहायचं असतं. पाक पुढे गेला तर अंड्याला भेगा पडतात. दुधाचा हात लावून त्या बुजतात, पण दूध लागलेलं दोन दिवसांत संपवावं लागतं.

साच्याला तुपाचं बोट, दोन अर्धी दाबून जोडायची. वरची नक्षी पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाची. अंड्याच्या पांढऱ्याचं आयसिंग नेहमीचं, पण इथे नको.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

आज घरात गडबड नको. बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरचे सात उद्गार. वर क्रूस काढलेले गोड बन मात्र आजचेच, म्हणून पहाटे पाचला पीठ मळलं.

२६ बनना: मैदा १ किलो, कोरडं यीस्ट १० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, मीठ १५ ग्रॅम, दूध ६०० मिली, लोणी १०० ग्रॅम, मनुका २०० ग्रॅम, दालचिनी पूड दोन चमचे, अर्धं जायफळ. थंड हवेच्या पाककृतींत यीस्ट १४-१५ ग्रॅम आणि कोमट दूध सांगतात. ते इथे चालत नाही. स्वयंपाकघर पहाटेही तीस अंशांवर. कोमट दुधाने कणीक पाऊण तासात दुप्पट होते, वास आंबूस येतो आणि भट्टीत बन बसतात. दूध फ्रिजमधलं, यीस्ट कमी. तरी पहिली फुगवण तासाभरात झाली. बोट टोचून पाहायचं: खळगा हळूहळू अर्धा भरला तर तयार, तसाच राहिला तर उशीर झाला.

७५ ग्रॅमचे गोळे, दुसरी फुगवण २५ मिनिटं, ओल्या फडक्याखाली. क्रूसासाठी ७५ ग्रॅम मैदा, तेवढंच पाणी, कोपरा कापलेल्या पिशवीतून. मिश्रण पातळ असेल तर रेघ भट्टीत ओघळते. चमच्यावरून फितीसारखं पडायला हवं. २०० अंशांवर १८ मिनिटं. ओव्हनमध्ये एका वेळी १३ बसतात, दुसरी खेप वाट पाहताना जास्त फुगली, बन पसरट झाले. पुढच्या वेळी दुसऱ्या खेपेचे गोळे फ्रिजमध्ये. बाहेर काढल्याबरोबर साखरेच्या पाकाचा हात.

यात अंडं नाही, तेव्हा सगळ्यांना चालतात. १४ आज घरात आणि शेजारी, १२ मुलांसाठी गोठवले. मुलं १४ असल्याने दोन अर्धे करायचे.

१९ एप्रिल, शनिवार

पाणी. नळ रोज येत नाही, म्हणून गुरुवारीच दोन पिंपं भरली. पिण्यासाठी २० लिटरचे चार जार, दोन माठांत ओतून. पत्रावळी आणि कागदी पेले, कारण चाळीस ताटं धुवायला पाणी परवडत नाही.

शेंगा चटणी एक किलो दाण्यांची: लसूण ५० ग्रॅम, तिखट ६०, जिरे दीड चमचा, मीठ. दाणे मंद आंचेवर भाजून, पूर्ण गार करून, खलबत्त्यात. कांडल्याने तेल हळूहळू सुटतं आणि चटणी मोकळी राहते. कडक भाकरी ५०, परवाच आणून डब्यात. न्याहारीचा शाकाहारी कणा हाच: भाकरी, चटणी, दही, बटाट्याची पातळ भाजी. उन्हात यातलं फक्त दही आणि भाजी सांभाळायची.

अंडी ४२. आठवडाभर जुनी, ती नीट सोलली जातात. फ्रिजमधून तासभर आधी बाहेर, मग उकळत्या पाण्यात झाऱ्याने सोडून ११ मिनिटं, लगेच थंड पाण्यात. फ्रिजमधली तशीच सोडलेली पहिली सहा तडकली, ती बुर्जीला. मुलांनी संध्याकाळी सहा ते आठ रंगवली, थोडी थोडी फ्रिजमधून काढून. साडेआठला सगळी फ्रिजमध्ये.

२० एप्रिल, ईस्टर

४.१५ : दगड बाजूला. कोंब पाच बोटं. रिकाम्या बोळक्यात पांढऱ्या मलमलीची घडी.

५.०० : मटणाचा खिमा चुलीवर, साडेतीन किलो, मटार एक किलो. मोठ्या माणसाला १०० ग्रॅम, मुलाला ५० असा हिशेब. काल शिजवून ठेवला नाही. एवढं पातेलं घरगुती फ्रिजमध्ये मध्यापर्यंत गार व्हायला रात्र जाते, तोवर बिघडतं. दोघं मागे थांबले. साडेसहाला तयार, त्यानंतर शेवटपर्यंत मंद आंचेवर वाफाळत. पाव ११०.

७.१५ : अंडी लपवली, नकाशावर खुणा. ८४ लपवली, ६ राखीव.

८.३५ : शोधाशोध. लहान गट दहा मिनिटं आधी, एकेका मुलाबरोबर एक मोठं माणूस. मधला गट वीस मिनिटांत मोकळा. मोठ्या चौघांना खाकी अंड्यांनी पाऊण तास पुरवला, अंदाजापेक्षा जास्त. शेवटच्या पाच अंड्यांना ‘गार-गरम’ सांगावं लागलं. सहा चिठ्ठ्या जमिनीवर जुळवून मोठ्याने म्हणायच्या आणि ओसरीवर येऊन मार्झिपानचं अंडं घ्यायचं. गोड बाहेर लपवलं नाही ते बरं झालं: एका मुलाने कुंडीजवळ ठेवलेल्या अर्ध्या बनला दहा मिनिटांत मुंग्या.

९.०० : रंगीत अंडी फ्रिजबाहेर. टक्कर: दोघांनी टोकाला टोक आपटायचं, ज्याचं फुटलं त्याने सोलून खायचं. ३२ अंशांवर हवा असली की उकडलेलं अंडं तासाभरात खाऊन संपवायचं, म्हणून ९.५५ ला उरलेली सात पुन्हा न ठेवता बुर्जीत घातली.

९.३० : पंगत, सोलापुरी चादरींवर. दहानंतर सावली १३ फुटांवर आली, शेवटची दोन माणसं उन्हाच्या रेघेवर. त्यांना ओसरीवर घेतलं. ताक सात लिटर, सव्वादहाला संपलं. दहा हवं होतं.

१०.२० : वारा. शेडनेटला काही झालं नाही. वरची एक दोरी सुटली, कारण ती नायलॉनची होती आणि नायलॉन घसरतं. काथ्या वापरायचा.

१०.५० : अंगण रिकामं. आतल्या खोलीत गाणी, मराठी, तेलुगू आणि एक कन्नड.

२१ एप्रिल, सोमवार

कापडी अंडी नकाशावरून मोजली: ८८. एक लाल तगरीच्या बुंध्यात सापडलं. उरलेलं एक शेजारच्या तीन वर्षांच्या मुलीने उशाशी घेऊन झोपल्याचा निरोप आला, ते तिचंच.

उरलं: पाव १९, चटणी पाव किलो, मार्झिपान ३. खिमा बरोबर पुरला. बागेतला गहू कापून गाईला, माती कुंड्यांत.

२०२६ चा ईस्टर ५ एप्रिलला, म्हणजे सावली थोडी जास्त मिळेल. गहू २६ मार्चच्या रात्री भिजवायचे, २७ ला पेरायचे. बोळकं जपून माळ्यावर ठेवलंय, दगड त्याच्या आत.